एक ठोका, मग दोन

गेल्या महिन्यात कोठीच्या बाजारात जाऊन कानाचं मशीन बसवून आलो. सत्तरी ओलांडली, उजवा कान केव्हाच संपावर गेलाय, डावाही त्याच्या मागं निघालाय. दुकानातली पोरगी मोठी चटपटीत. माझ्या कानाचा आलेख तिनं कॉम्प्युटरवर काढला, पाचसात बटणं दाबली आणि कौतुकानं सांगितलं, की बारीकसारीक आवाज सगळे कापून टाकलेत, पंखा, भांडी, पावलं, कशाचाच त्रास होणार नाही. मी विचारलं, रेघ कुठं ठेवलीस? तिला कळेना. मग मीच स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं आणि ही इथली रेघ अगदी खाली आण म्हटलं. ती नाही म्हणते, मी हो म्हणतो. बायको सुमन बाहेर बाकावर बसली होती, तिला तिथवर ऐकू गेलं. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, कानाचं मशीन घ्यायला आलात की भांडायला? आता तिला काय सांगू. उभा जन्म दुसऱ्यांच्या यंत्रांना काय ऐकायचं आणि काय नाही ते शिकवण्यात गेला माझा. आणि त्यात एकदा असा चुकलो, की अजून दुपारच्या शांततेत मला आठवतं.

मी बिरादार, गौलीगुड्यातला. उदगीरकडची शेती भावांवर सोडून वडील हैदराबादला आले ते इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी, त्यामुळे माझी भाषा पुण्यामुंबईच्या वाचकांना जरा खडबडीत लागेल. चालवून घ्या.

नोकरी एका छोट्या कंपनीत, कोठीच्या मागच्या बोळात, जिना चढून दोन खोल्या. आम्ही कारखान्यांना मोजमापाची उपकरणं विकायचो, बसवायचो आणि मग वर्षानुवर्षं त्यांची दुखणी काढत फिरायचो. आधी परदेशी उपकरणं फक्त कॅटलॉगमध्ये बघायची. आयातीचा परवाना हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक निवृत्त व्हायचं. मग नव्वदीच्या सुरुवातीला दारं उघडली आणि आमच्या बोळात जर्मन अक्षरांची खोकी येऊन पडायला लागली. आमचे मालक तर रोज सकाळी त्या खोक्यांना उदबत्ती ओवाळायचे. मी तेव्हा चाळिशीला आलेला, हात बसलेला, आणि खरं सांगायचं तर डोक्यात थोडी हवा गेलेला.

त्या खोक्यांत असायचं अंतर मोजणारं यंत्र, सेन्सर. कंदिलाएवढं धूड. टाकीच्या छताला तोंड खाली करून टांगायचं. ते माणसाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतं, आवाज मालावर आपटून परत येतो. जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, आणि अंतरावरून टाकी किती भरली ते. आडात ओरडलं की प्रतिध्वनी येतो, तितकंच ते. पण आडात एकटं पाणीच बोलत नाही. भिंतीचा दगड बोलतो, दोर बोलतो, पारवा बसला असेल तर तोही बोलतो. टाकीतही तसंच. शिडी, जोड, उडती धूळ, सगळे आपापलं उत्तर देतात. मग यंत्राला सांगावं लागतं, की बाबा, इतक्या जोरापेक्षा बारीक उत्तर कानावर घ्यायचं नाही. आमच्या तपासणीच्या पडद्यावर उत्तरं डोंगरासारखी दिसायची आणि त्यांच्यावरून आम्ही एक आडवी रेघ ओढायचो. रेघेच्या वर डोकं काढील तो खरा, खालचे सगळे खोटे. रेघ फार खाली राहिली तर यंत्र धुळीलाच माल समजतं. फार वर गेली तर खरा मालही ऐकू येत नाही. सगळी कारागिरी त्या रेघेत. बाकी नट आवळणं कुणीही करतं.

तारनाक्याच्या एका सोसायटीत पाण्याच्या टाकीवर असंच यंत्र बसवलं होतं. टाकी कोरडी ठणठणीत आणि पॅनल सांगतंय, भरलेली. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त प्राध्यापक, तीन दिवस अंघोळ न झालेले, मला जिन्यातच गाठून त्यांनी इंग्रजी, तेलुगू आणि उर्दू अशा तीन भाषांत झाडलं. वर जाऊन बघतो तर सेन्सरच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं. मी जाळं काढलं आणि वर रेघही बोटभर चढवून ठेवली, पुन्हा कटकट नको म्हणून. प्राध्यापकांनी चहा पाजला. तेव्हापासून मला सवयच लागली. बारीक उत्तर दिसलं, शंका आली, की चढव रेघ. दुरुस्तीला कमी वेळ लागायचा आणि मालक खूश.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

काटेदानच्या पलीकडे भाताच्या कोंड्यातून तेल काढणारा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. तेल काढून उरलेला कोंडा गुरांच्या खाद्याला जायचा आणि तोवर एका सायलोत साठायचा. सायलो म्हणजे पत्र्याचा गोल, उंच रांजण, चौदा मीटर, सपाट तळाचा. बाहेरून त्याला दोन लोखंडी शिड्या, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. मला वाटलं, दोन कशाला? तिथल्या महबूबमामूनं समजावलं.

महबूबमामू पन्नाशीच्या पुढचा, काटकुळा, दाढीला मेंदी. त्याचं काम एकच, पत्रा ठोकून आत कोंडा किती ते सांगणं. पूर्वी हे दोघांचं काम होतं. उत्तरेच्या शिडीवर यादगिरी, दक्षिणेच्या शिडीवर मामू. दोघंही वरून सुरुवात करायचे. यादगिरी लाकडी हातोडीनं ठोकायचा, एक, मग दोन. मामू पलीकडून पत्र्याला कान लावून बसलेला. आत पोकळ असेल तर ठोका आरपार जायचा आणि मामू जवाब द्यायचा, दोन, मग एक. जवाब आला की दोघंही एक पायरी खाली. असं करत करत जिथं ठोका पोचेनासा व्हायचा तिथं कोंडा. मग मामू जमिनीवर उतरून हाक मारायचा आणि यादगिरी पायऱ्या मोजत खाली यायचा. त्या दोघांचा कायदा असा, की जवाब किंवा हाक, काहीतरी आल्याशिवाय वरच्यानं पायरी सोडायची नाही. पायरी सोडली की मोजमाप गेलं.

यादगिरी तीन उन्हाळ्यांपूर्वी त्या शिडीवरून पडून गेला. ऊन लागलं, चक्कर आली, असं सगळे सांगत. त्यानंतर कुणी शिडीवर चढायला नको म्हणून तर आमचं यंत्र मागवलं होतं. मामू तोवर एकट्यानंच आवाजाचा अंदाज घेत होता. मी त्याला काम करताना पाहिलं. पायरीवर उभा राहून ठोकायचा, दोन, मग एक, आणि मग कान लावून बराच वेळ तसाच थांबायचा. जोडीदार नाही, सवाल नाही, मग हा जवाब कुणाला देतो, असं माझ्या मनात आलं. म्हटलं, जुन्या माणसाची सवय असेल.

सायलो नुकताच रिकामा केलेला होता. यंत्र बसवलं, पडदा जोडला. तळाचं उत्तर खणखणीत आलं. पण मधेच, छतापासून चार मीटर वीसवर, एक बारीकसा डोंगर उठायचा आणि विरायचा. पॅनलवरचा आकडा क्षणभर चौदावरून चार वीसवर उडी मारायचा आणि परत चौदावर. दर वेळी चार वीसच, एक बोट इकडं नाही की तिकडं नाही. मी माझं काम थांबवून त्या आकड्याकडं बघत बसलो. दुपारची वेळ होती आणि तो आकडा पाचसात मिनिटांनी येऊन जात होता. पॅनलजवळ कामगार जमले होते. त्यातल्या एकानं हळूच सांगितलं, साब, ये यादगिरी है, नक्को छेडो.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जर्मनीहून आलेलं यंत्र आणि त्यात ह्यांना यादगिरी दिसतो. तरतरा वर चढलो आणि झाकण उघडून विजेरी मारली. आत धुक्यासारखी कोंड्याची धूळ, प्रकाश हातभरसुद्धा पुढं जाईना. नियम काय, तर भरणं-उपसणं बंद करून अर्धा तास थांबायचं, धूळ बसली की मग बघायचं. हा नियम मीच नव्या लोकांना शिकवायचो. पण दुसऱ्या दिवशी कारखान्याचे चेअरमन उद्घाटनाला येणार होते, पॅनलला झेंडूचा हार आदल्या दिवशीच येऊन पडला होता, आणि शिफ्टचे इन्चार्ज रेड्डीगारू, म्हणजे रेड्डीसाहेब, खालून घड्याळ दाखवत होते. मला वर काही दिसलं नाही. मी खाली आलो आणि रेघ चढवली. चार वीसचा डोंगर रेघेखाली बुडाला. आकडा चौदावर ठाम उभा राहिला. रेड्डीगारूंनी टाळी वाजवली.

महबूबमामू तेवढा माझ्यामागं उभा होता. त्यानं पॅनलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आवाज बंद नै हुआ साब," तो म्हणाला. "तुम सुनना बंद करे."

मी हसलो. कागदावर सही केली. खोटी उत्तरं नाहीत, यंत्र विश्वासार्ह. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, हार पॅनलला चढला, चेअरमन देशाच्या प्रगतीवर बोलले.

तीनेक महिन्यांनी, श्रावणातल्या दमट हवेत, नेहमीच्या तपासणीला मी परत तिथं गेलो. सकाळ सरून दुपार लागत होती. सायलोचं खालचं दार उघडं होतं आणि दाराशी महबूबमामू फावडं घेऊन उभा. ठोकण्याचं काम यंत्राकडं गेल्यावर त्याला सफाईवर टाकलं होतं. सायलो रिकामा झाला की तळाशी उरलेला कोंडा माणसानं आत शिरून ओढायचा, ते काम. कमरेला दोर बांधला होता. पण मामू आत जाईना. त्यानं खिशातली हातोडी काढली, पत्र्यावर इथं तिथं ठोकली आणि मान हलवली. म्हणाला, वर भरलंय, पत्रा रिकामा बोलत नाही.

रेड्डीगारू वैतागले. पॅनल दाखवतंय चौदा मीटर, म्हणजे रिकामा, आणि हा म्हणतो भरलाय. मशीनवर भरवसा नसेल त्यानं घरी जावं, असंही बोलून गेले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. आता तज्ज्ञच उभा आहे म्हटल्यावर वाद कशाला? त्यांनी मला विचारलं.

त्या क्षणी मला चार वीस आठवलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. आठवलं होतं. पण वीस माणसं उभी होती, आणि यंत्र माझं होतं.

"खाली है मामू," मी म्हणालो. "जाओ."

मामूनं माझ्याकडं एकदा पाहिलं. हातोडी दाराशेजारच्या पायरीवर ठेवली, बिस्मिल्ला म्हणाला आणि वाकून आत शिरला. त्याच्या फावड्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग पार पलीकडं गेला. आणि मग वर, खूप वर, कुणीतरी गोणपाट फाडावं तसा आवाज झाला.

दारातून धुळीचा लोट आला, त्यानं आम्हाला मागं ढकललं. लोट बसला तेव्हा दार दिसतच नव्हतं, नुसता कोंडा. दोघांनी दोर ओढला, दोर ढिम्म हलेना. काय झालं ते मला तिथंच कळलं. ते चार वीसचं बारीक उत्तर खरं होतं. भिंतीला दमट कोंड्याचा थर धरला होता आणि तो आतल्या बाजूला छज्ज्यासारखा वाढत गेला होता. मऊ कोंडा आवाज गिळतो, म्हणून तो वाढला तरी त्याचं उत्तर बारीकच राहिलं, माझ्या रेघेच्या खाली. यंत्राचा आवाज त्याला चाटून मधल्या पोकळीतून तळाला जात होता आणि मला चौदा सांगत होता. तो छज्जा मामूच्या अंगावर आला होता.

पत्रा कापून कोंडा बाहेर काढायचा, दुसरा इलाज नव्हता. गॅसनं कापता येत नाही, कोंड्याची धूळ पेट घेते. छिन्नी-हातोड्यानंच फोडायचा. पण कुठं? त्या घेराला वळसा घालायला वीस पावलं लागायची. चुकीच्या जागी फोडला तर मामू गेला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. पडदा जोडून मी रेघ तळापर्यंत खाली आणली, सगळे डोंगर उघडे केले. उपयोग शून्य. माझ्या यंत्राला अंतर कळतं, बाजू कळत नाही. ते वरून एवढंच सांगू शकत होतं, की ढीग इतका उंच आहे. ढिगात माणूस कुठं आहे ते त्याच्या बापालाही कळलं नसतं.

रेड्डीगारू म्हणाले, दाराजवळ फोडा, तिथूनच आत गेलाय. छिन्नी लागलीसुद्धा. मला फावड्याचा आवाज पलीकडं गेलेला आठवत होता. मी ओरडलो, थांबा. सगळ्या मोटारी बंद करा, पट्टे बंद करा, तेलाचा विभागही बंद. रेड्डीगारू क्षणभर घुटमळले. माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच धावत जाऊन बटण दाबलं.

तो कारखाना इतका गप्प झालेला मी कधी ऐकला नव्हता. पत्र्याला कान लावून मी वळसा घालायला लागलो. उन्हानं पत्रा चटके देत होता. आत कोंडा घसरत होता, सस्स, सस्स. ऊन खाऊन पत्रा कुठं कुठं टिचत होता, टक, टक. ह्या सगळ्याला आम्ही आमच्या भाषेत कचरा म्हणतो, कापून टाकायचे आवाज. मी एकेक ऐकत गेलो. उत्तरेच्या शिडीखाली आलो आणि थांबलो.

ठक. मग ठक, ठक.

वाटलं, पत्राच टिचतोय. कान तसाच ठेवला. कातडं भाजत होतं. पुन्हा एक, मग दोन. पत्रा टिचताना मोजून टिचत नाही. मी हात वर केला आणि इथं फोडा म्हणून सांगितलं.

छिन्नी पडायला लागली. फटीतून कोंडा वाहायला लागला आणि माणसं तो हातांनी उपसायला लागली. हातभर भगदाड झालं तेव्हा मामूचा खांदा दिसला. छज्ज्याचा एक घट्ट तुकडा त्याच्या डोक्यावर तिरपा टेकला होता, त्याखाली तोंडापुरती पोकळी राहिली होती. तेवढ्या हवेवर तो टिकला. बाहेर काढला तेव्हा डोळे मिटलेले, पण छाती हलत होती. मी तिथंच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यात भेटायला गेलो. मोसंबी नेली होती, ती नेऊन ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, मामू, रेघ मी चढवली होती. रिकामा आहे असं मीच म्हणालो. तुमच्या मोडलेल्या दोन बरगड्या माझ्या नावावर आहेत. तुम्ही ठोकत राहिलात म्हणून वाचलात, नाहीतर माझ्या हातून खूनच झाला होता.

मामूनं मोसंबी बाजूला सारली.

"मैं नै ठोका साब," तो म्हणाला. "हाताँ सीने पे दबे थे. हतोडी तो बाहरच थी."

खरंच होतं. हातोडी दाराशेजारच्या पायरीवरच राहिली होती, नंतर मीच ती उचलून जपून ठेवली होती. आणि बाहेर काढला तेव्हा त्याचे दोन्ही हात छातीशी आवळलेले होते, ते सोडवायला दोन माणसं लागली होती. मी बघितलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं.

मामूनं विचारलं, ठोका कसा होता? मोसंबी सोलायला आणलेल्या चाकूच्या मुठीनं मी खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवून दाखवलं. एक. मग दोन.

त्यानं डोळे मिटले. मग विचारलं, जवाब दिला का? मी म्हटलं, नाही. जवाब द्यायचं मला कुठं सुचणार?

मग त्यानं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. त्या दिवशी उन्हाळ्याची भर दुपार होती. मोजणी अर्ध्यावर आली होती आणि मामूला चहाची तल्लफ आली. त्याला वाटलं, ठोका पोचला नाही तर यादगिरी आपणच उतरेल. तो शिडी उतरून कँटीनला गेला. ना जवाब दिला, ना हाक मारली. यादगिरी कायद्याचा पक्का. तो पायरी सोडीना. तापलेल्या पत्र्याला चिकटून ठोकत राहिला, थांबत राहिला, ठोकत राहिला. मामू चहा पिऊन आला तेव्हा तो खाली पडलेला होता. तेव्हापासून मामू रोज शिडीवर जाऊन जवाब द्यायचा. पण पलीकडून कधीच काही आलं नाही. आणि आता आलं होतं, तर ऐकायला मी होतो.

"मेरी बी गलती तुम्हारे वैसीच है साब," तो म्हणाला. मग माझा हात धरून त्यानं एक काम सांगितलं. त्याला दोन महिने उठता येणार नव्हतं. मी जाऊन जवाब द्यावा आणि खाली उतरून हाकही मारावी.

मी इंजिनियर माणूस. नाही म्हणणार होतो. पण कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यात गेलो. रेड्डीगारूंना सांगितलं, आतून तपासणी करायची आहे. ते खोटं नव्हतं. सायलो आता सगळा साफ केलेला होता. धूळ बसू दिली, अर्धा तास थांबलो, विजेरी मारून भिंत अन् भिंत बघितली, रेघ मी चढवण्याआधी होती तिथं आणून ठेवली. चौदावर ठाम आकडा, चार वीस कुठंच नाही. मग दक्षिणेच्या शिडीनं निम्म्यापर्यंत चढलो. मामूच्या हातोडीनं ठोकलं, दोन, मग एक. पत्रा सगळा घुमला. कान लावला. काहीच नाही. खाली उतरलो, वळसा घालून उत्तरेच्या शिडीपाशी आलो आणि इकडंतिकडं कुणी बघत नाही ना हे पाहून, हलक्या आवाजात म्हटलं,

"उतर जा यादगिरी."

वर शिडीवर लोखंड वाजलं. टण्. मग जरा खाली, टण्. मी वर पाहिलं. शिडी मोकळी, त्यावर ऊनही नव्हतं, मघाशीच ढग आला होता. पायरी न् पायरी वाजत खाली येत होती, कुणी दमलेला माणूस जपून उतरावा तशी, दोन पायऱ्यांच्या मधे श्वासभर थांबून. माझी सवय म्हणा की भीती म्हणा, मी मोजत होतो. शेवटची माझ्या गुडघ्याशी वाजली. मग सगळं शांत.

ढग आला की लोखंड वरून थंड होत जातं आणि आकसतं, आवाज होतो. हे मला ठाऊक आहे. मी तिथं उभा राहून स्वतःला तेच सांगत होतो.

संध्याकाळी मामूला जाऊन सांगितलं, दिला जवाब, मारली हाक. आणि पायऱ्या वाजल्या तेही सांगितलं. मामू उठून बसायला गेला, बरगड्या दुखल्या, परत पडला.

"कित्ते?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, एकतीस.

मामूनं भिंतीकडं तोंड केलं. त्याचे खांदे हलायला लागले. तसाच म्हणाला, "हौ. इकत्तीसवीं सीढी पेच था वो."

घरी येऊन मी कागद घेतला. पायऱ्यांमधलं अंतर मी मोजून ठेवलेलं होतं, ते एकतीसनं गुणलं आणि चौदातून वजा केलं. चार मीटर वीस. तो कागद मी फाडून टाकला आणि सुमनला जेवायला वाढ म्हटलं.

त्यानंतर पंधरा वर्षं नोकरी केली. बारीक उत्तर दिसलं की रेघ चढवायच्या आधी वर चढून, धूळ बसू देऊन, डोळ्यांनी बघून यायचो. मालक चिडायचे, बिरादार आता म्हातारा झाला म्हणायचे. महबूबमामू बरा झाला, गेटवर बसायला लागला, शिडीवर पुन्हा कधी गेला नाही. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा गौलीगुड्यात पोचवायचा. मी त्याची माफी मागितली की नाही, ते मला आज आठवत नाही. मोसंबी ठेवताना जे बोललो त्यात तो शब्द होता का, ह्याचा मी पुष्कळदा विचार करतो. आता तोही नाही.

तर त्या दुकानातल्या पोरीनं शेवटी माझं ऐकलं आणि रेघ खाली आणली. एकदम पंखा आला, रस्ता आला, तिच्या बांगड्या आल्या, शेजारच्या खोलीत कुणीतरी वही उलटत होतं तेही आलं. इतका गोंधळ घेऊन कसं राहणार, म्हणून तिनं काळजीनं विचारलं, हे बारीक आवाज कशाला हवेत अंकल?

"लागतात बेटा," मी म्हटलं. "कधी कधी पायऱ्या मोजायच्या असतात."